डॅशबोर्डमधला स्क्रीन चोराला का हवा असतो?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पाटी हमखास दिसते: ‘मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नयेत.’ लॅपटॉपची बॅग, पाकीट, मोबाइल यांच्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. पण आजच्या गाडीत चोराचं लक्ष ज्या वस्तूवर असतं, ती कंपनीनेच डॅशबोर्डमध्ये स्क्रूने बसवलेली असते. आठ, नऊ किंवा सव्वादहा इंचांचा टचस्क्रीन, त्यामागचा रेडिओ, नकाशा, ब्लूटूथ, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र, असं सगळं त्या एका संचात असतं. रोज रात्री तो काढून घरी नेता येत नाही. नवी मुंबईत नेरूळच्या एखाद्या सेक्टरमध्ये किंवा ठाण्यात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर सकाळी मालक गाडीजवळ येतो, तेव्हा सीटवर काचेचा चुरा पडलेला असतो, डॅशबोर्डच्या मधोमध मोठं भोक असतं आणि त्यातून वायरी लोंबत असतात.

अशा वेळी मनात दोन प्रश्न येतात. सेंट्रल लॉक, अलार्म, इमोबिलायझर असं सगळं असताना हे झालंच कसं? आणि हा काढलेला स्क्रीन विकत घेतो तरी कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समजलं, की बाकीचा सगळा गुंता सुटायला लागतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गिऱ्हाईक कोण?

ही चोरी नवी नाही. कॅसेटच्या काळात प्रीमियर पद्मिनी आणि मारुती 800 मधला टेप चोरीला जायचा. आजही अनेक घरांत या सगळ्या संचाला ‘गाडीचा टेप’च म्हणतात. तेव्हाचे उपायही साधे होते. टेप एका सरकत्या चौकटीत बसवायचा आणि गाडीतून उतरताना हँडल धरून अख्खा बाहेर काढून सोबत न्यायचा. पुढे समोरची पट्टी तेवढी सुटी होणारे स्टिरिओ आले. पट्टी खिशात घातली की मागे राहिलेला डबा कुणाच्याच कामाचा नसे.

त्या काळी चोराला मोठी सोय होती ती मापाची. जर्मन मानकातून आलेली आणि पुढे आंतरराष्ट्रीय झालेली ही मापं आजही वापरात आहेत. रुंदी साधारण 180 मिलिमीटर आणि उंची 50 मिलिमीटर असेल तर ‘सिंगल डिन’, उंची दुप्पट असेल तर ‘डबल डिन’. माप ठरलेलं असल्यामुळे कोणत्याही गाडीतला स्टिरिओ कोणत्याही गाडीत बसत असे. ग्राहकाला बाजारातून हवा तो स्टिरिओ घेता यावा म्हणून ही सोय होती, पण चोरलेला मालही तिच्यामुळेच सहज खपत असे.

नंतर कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलच्या डॅशबोर्डला साजेसा, वेगळ्या आकाराचा संच द्यायला सुरुवात केली. एका मॉडेलचा स्क्रीन दुसऱ्या मॉडेलमध्ये बसेना. चोरी इथेच थांबायला हवी होती. पण एकाच मॉडेलच्या आत एक नवी बाजारपेठ तयार झाली.

शोरूममध्ये एकाच गाडीचे पाच-सहा प्रकार असतात: बेस, मिड, टॉप. बेस आणि टॉपच्या किमतीत काही लाखांचा फरक असतो. डॅशबोर्डचा साचा मात्र बहुतेक वेळा एकच, आतल्या चौकटी त्याच, आणि पुष्कळदा मागचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोडही तेच. म्हणजे बेस मॉडेल घेतलेल्या माणसाला टॉप मॉडेलचा मोठा स्क्रीन हवा असेल, तर तो त्याच्या गाडीत जवळजवळ जसाच्या तसा बसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवीन संचाची किंमत विचारली की आकडा ऐकून माणूस मागे फिरतो. मग कुणीतरी सांगतं, ‘ओरिजिनलच आहे, निघालेला पीस, अर्ध्यात देतो.’

दुसरं गिऱ्हाईक दुरुस्तीवालं. स्क्रीनला तडा गेला किंवा टच चालेनासा झाला, की सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा सुटा भाग न बदलता अख्खा संचच बदलायला सांगतात. वॉरंटी संपलेली असेल तर तो खर्च जड जातो, आणि तो माणूसही सेकंडहँड ‘ओरिजिनल’ शोधायला लागतो. सेकंडहँड सुट्या भागांचा धंदा कायदेशीर आहे आणि अपघातात निकामी झालेल्या गाड्यांचे भाग विकणारे प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत. चोरीचा माल त्यांच्याच मालात मिसळतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

नकाशाची चोराला फारशी पर्वा नसते. आपल्याकडे अनेक गाड्यांत मॅपमायइंडियाचा नकाशा आत भरलेला असतो, तरी बरेच जण फोन जोडून त्यावरचाच नकाशा स्क्रीनवर पाहतात. युरोपात चित्र थोडं वेगळं होतं. जर्मनीत बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीजमधले मूळ नॅव्हिगेशन संच पद्धतशीरपणे काढून नेणाऱ्या टोळ्यांनी पोलिसांना वर्षानुवर्षं सतावलं, कारण तिथे तो संच गाडीच्या महागड्या पर्यायांपैकी एक असे. आपल्याकडे किंमत आहे ती मोठ्या, मूळ, डॅशबोर्डमध्ये नीट बसणाऱ्या स्क्रीनची.

गाडीचं कुलूप नेमकं कशाला आहे?

आता पहिला प्रश्न. इमोबिलायझर म्हणजे किल्लीतली छोटी चिप आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांच्यातली ओळखपाळख. चिप जुळली नाही तर इंजिन सुरू होत नाही. अख्खी गाडी पळवून नेणं यामुळे खूप अवघड झालं. पण ज्याला इंजिन सुरूच करायचं नाही, त्याला इमोबिलायझर अडवत नाही.

अलार्मचंही तसंच. कंपनीने दिलेला साधा अलार्म दार, बॉनेट किंवा डिकी उघडली की वाजतो. काच फोडली आणि दार उघडलंच नाही, तर पुष्कळ गाड्यांत तो गप्प राहतो. आतली हालचाल ओळखणारा किंवा काच फुटल्याचं टिपणारा सेन्सर सहसा महागड्या गाड्यांतच असतो. शिवाय अलार्म वाजलाच तरी खिडकीतून डोकावतो कोण? फटाके, जड ट्रक, मांजर, कशानेही तो वाजतो, आणि बिल्डिंगमधल्या लोकांनी त्याची सवय करून घेतलेली असते.

काचेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे अनेकांचा गैरसमज असतो. पुढची विंडशील्ड म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर. ती तडकते, पण जागेवर राहते. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत वेगळ्या असतात: तापवून झटकन थंड केलेल्या, म्हणजे टफन्ड. अशा काचेचा पृष्ठभाग दाबाखाली असतो, त्यामुळे सर्वसाधारण धक्का ती चांगला सोसते. पण एका बिंदूवर तो थर भेदला गेला, की आत साठलेला ताण सुटतो आणि अख्ख्या काचेचे बोथट दाणे होतात. अपघातात लांब धारदार तुकड्यांनी कुणी चिरलं जाऊ नये, अडकलेल्या माणसाला बाहेर काढता यावं, म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. तिचं काम माणूस वाचवणं आहे. चोर अडवण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

सारांश, गाडीची बहुतेक सुरक्षा गाडी हलू नये यासाठी उभी आहे. आतला महागडा भाग गाडीतून बाहेर जाऊ नये, यासाठी त्यातलं फारच थोडं आहे.

स्क्रीनला स्वतःची गाडी ओळखता आली तर

काही वर्षांपूर्वी आपल्या भागात मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जात होते. सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अगदी थोडे, पण असतात. चोराला हवे होते ते धातू. सायलेन्सरवर नंबर कोरला असता तरी भट्टीत तो वितळून गेला असता.

स्क्रीनचं तसं नाही. स्क्रीन वितळवून काही मिळत नाही. त्याला किंमत यायची असेल, तर तो दुसऱ्या गाडीत सुरू व्हायला हवा. म्हणजे तो दुसऱ्या गाडीत सुरूच झाला नाही, तर तो चोरण्यात अर्थ उरत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच गाडी घेताना कुणी विचारत नाही.

हे करता येतं का? येतं. जुनी पद्धत कोडची. बॅटरीची वायर निघाली की स्टिरिओ पुन्हा सुरू होताना कोड मागतो, आणि तो दिल्याशिवाय चालत नाही. होंडा, रेनॉ, फोक्सवॅगन यांच्या अनेक गाड्यांत हे होतं. कोडचं कार्ड गाडीच्या कागदपत्रांबरोबर मिळतं. बरेच लोक ते ग्लव्ह बॉक्समध्येच ठेवतात, म्हणजे काच फोडणाऱ्याला स्क्रीनबरोबर कोडही मिळतो. ते कार्ड आजच घरी आणून ठेवा.

नवी पद्धत जास्त पक्की आहे. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, एसी, स्क्रीन यांचे वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते वायरींच्या एका सामाईक जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडलेली ‘कॅन’ नावाची ही पद्धत आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे. प्रत्येक गाडीला 17 अक्षर-अंकांचा चासी नंबर असतो, तो या जाळ्यावरही उपलब्ध असतो. गाडी चालू होताना वर्गातल्या हजेरीसारखी हजेरी होते. स्क्रीनच्या स्मृतीत एक चासी नंबर आणि गाडीचा भलताच असेल, तर स्क्रीन काम करायला नकार देऊ शकतो. फोक्सवॅगन समूहाच्या ऑडीसारख्या गाड्यांत अशी व्यवस्था बऱ्याच वर्षांपासून आहे. तिथे दुसऱ्या गाडीचा भाग बसवला, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरने कंपनीच्या सर्व्हरशी जोडून मान्यता दिल्याशिवाय तो पूर्णपणे चालत नाही.

मग सगळ्याच कंपन्या हे का करत नाहीत? एक कारण खर्च. दुसरं कारण जास्त खरं आणि विचार करायला लावणारं आहे. असं कुलूप लावलं की आपल्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्यालाही प्रामाणिकपणे घेतलेला जुना संच बसवता येत नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी कंपनीच्या दारात जावं लागतं. चोरी थांबवताना ग्राहकाचे हात बांधले जाऊ नयेत, ही मागणी रास्तच आहे. शिवाय कुलूप आहे म्हणजे ते उघडणारेही निघतात. पण उघडायला खास उपकरण, वेळ आणि पैसा लागला, तरी अर्ध्या किमतीत विकण्याचा धंदा परवडेनासा होतो.

मोबाइलच्या बाबतीत हे घडून गेलं आहे. ॲपलने सप्टेंबर 2013 मध्ये आयफोनला असं कुलूप दिलं, की मालकाच्या पासवर्डशिवाय पुसलेला फोन पुन्हा चालू करता येईना. पुढच्या वर्षभरात आयफोनच्या चोऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत 40 टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये 25 टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. आणि फोन विकायचा झाला तर मालक स्वतः कुलूप काढून देऊ शकतो, म्हणजे वर सांगितलेली गॅरेजवाल्यासारखी अडचण तिथे येत नाही. आपल्याकडेही 2023 पासून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख नंबर देऊन चोरीचा फोन देशभर बंद करता येतो. गाडीच्या स्क्रीनसाठी असं काही असायला हवं, असं मला मनापासून वाटतं: मालकाला नोंदवता येईल, विकताना मोकळं करता येईल, आणि चोरीला गेल्यावर बंद पाडता येईल. पुढची गाडी बुक करताना सेल्समनला सनरूफबरोबर हाही प्रश्न विचारा: ‘हा स्क्रीन दुसऱ्या गाडीत लावला तर चालतो का?’

आज काय करता येईल

नवी मुंबईत सिडकोने 1970 च्या दशकापासून जी घरं बांधली, त्या काळात प्रत्येक घरामागे गाडी असेल अशी कल्पनाच नव्हती. त्यामुळे वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीच्या जुन्या वसाहतींमध्ये गाड्या रस्त्यावरच असतात. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींचीही तीच गत. ‘आत पार्क करा’ हा सल्ला तिथे उपयोगाचा नाही. रस्त्यावरच लावायची असेल तर दिव्याखाली आणि रात्री उशिरापर्यंत वर्दळ असलेल्या ठिकाणी लावा, भिंतीला किंवा मोठ्या टेम्पोला चिकटून नको. गाडीवर कव्हर घालावं का, यावर मतभेद आहेत. आतला स्क्रीन दिसत नाही हा फायदा. तोटा असा, की काच फुटलेली असली तरी बाहेरून कळत नाही, आणि गाडी रोज वापरात नसेल तर चोरी दोन-चार दिवसांनी लक्षात येते. पावसाळ्यात त्या फुटक्या काचेतून पाणी आत जातं, ते वेगळंच. रोज गाडी काढत असाल तर कव्हर घाला, नाहीतर दिवसातून एकदा चक्कर मारून बघाच.

पण सगळ्यात उपयोगी काम पार्किंगमधलं नाही, पाच मिनिटांचं आहे. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’ किंवा ‘अबाउट’ अशा नावाखाली संचाची माहिती असते. तिथे सीरियल नंबर दिसत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. दिसत नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी विचारा. तो संचाच्या मागच्या लेबलवर छापलेला असतो. संच काही कारणाने बाहेर काढलाच, तर त्याच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या. बाहेरून बसवलेला असेल तर बिलावर हाच नंबर लिहून घ्या. हा नंबर पुढे पोलिस, विमा आणि कोर्ट, तिन्ही ठिकाणी लागतो.

चोरी झाल्याच्या सकाळी

काचेचा चुरा झाडू नका, दार उघडून आत बसू नका. आधी फोटो आणि व्हिडिओ: फुटलेली काच, डॅशबोर्ड, लोंबणाऱ्या वायरी, नंबर प्लेट, आजूबाजूची जागा. मग 112 किंवा थेट पोलिस ठाणं. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर-कामोठे-पनवेल रायगडात, पण हे सगळं नवी मुंबई पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. ठाणे शहराचं आयुक्तालय वेगळं. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 कडे बोट दाखवा. कोणत्याही ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते, ऑनलाइनही देता येते, आणि ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची किरकोळ चोरी सोडली, तर चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. तुमच्या हातात ‘गहाळ’चा दाखला किंवा एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती पडत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे एफआयआर मागा. वस्तू हरवणं आणि काच फोडून वस्तू काढून नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विम्याच्या क्लेमला ‘गहाळ’चा कागद पुरत नाही. ठाण्यात दाद मिळाली नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भारतीय न्याय संहितेत कलम 303 खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातली वस्तू चोरण्याचा उल्लेख कलम 305 मध्ये आहे आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

सीसीटीव्हीची घाई करा. सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रात, जुनं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्या रात्रीचा भाग लगेच पेनड्राइव्हवर काढून ठेवायला सांगा. कोर्टात असं चित्रीकरण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यावर यंत्र सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. सेक्रेटरींना हे आधीच सांगून ठेवलं तर ते पुढे घाबरून मागे हटत नाहीत.

आणि ज्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही ते: स्क्रीनबरोबर तुमची माहितीही गेलेली असते. ब्लूटूथने फोन जोडला तेव्हा बरेच संच संपर्कयादी आणि कॉलची नोंद स्वतःकडे उतरवून घेतात. नकाशात ‘घर’ आणि ‘ऑफिस’ साठवलेलं असतं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या संचात तर गुगल खातंच उघडं असू शकतं, म्हणजे ईमेल, फोटो, तुम्ही कुठे कुठे गेलात याचा इतिहास. त्याच दिवशी गुगल खात्यातल्या ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते यंत्र साइन आउट करा, पासवर्ड बदला, आणि गाडीच्या कंपनीचं कनेक्टेड ॲप वापरत असाल तर त्याचाही बदला. फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनं नाव काढून टाका. गाडी विकताना सेटिंगमधून ‘फॅक्टरी रिसेट’ करायचीही हीच कारणं आहेत.

विम्याचं गणित

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काहीच मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलेल्या खासगी कारच्या विम्यात गाडीवर बसवलेल्या ॲक्सेसरीजची चोरीही धरलेली असते. दुचाकीच्या विम्यात मात्र गाडी शाबूत ठेवून नुसती ॲक्सेसरी चोरली, तर ती वगळलेली असते. एक अट लक्षात ठेवा. स्क्रीन कंपनीने गाडीच्या किमतीत धरून दिलेला असेल तर तो आपोआप येतो. बाहेरून बसवलेला असेल तर त्याची किंमत पॉलिसीत वेगळी नोंदवून जादा प्रीमियम भरावा लागतो. जुन्या ठरलेल्या दरपत्रकात तो त्या वस्तूच्या किमतीच्या 4 टक्के होता. नोंद नसेल तर सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा माणूस, तो भाग सरळ वगळतो.

मिळणारी रक्कम पूर्ण नसते, घसारा, म्हणजे वयामुळे उतरलेली किंमत, वजा होतो. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांना 50 टक्के, काचेला शून्य, आणि बाकीच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत 5, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 टक्के. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे, नवीन संच 60,000 रुपये, फुटलेली प्लास्टिकची पट्टी आणि चौकट 8,000, काच 3,500. संचाचे 45,000, प्लास्टिकचे 4,000, काचेचे पूर्ण 3,500, मिळून 52,500. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपयांची सक्तीची वजावट. हाती 51,500. झिरो डेप्रिसिएशनचं जोडकलम असेल तर घसारा वाचतो. वायरिंग कापलेलं असेल तर ते अंदाजपत्रकात लिहायला विसरू नका. कधीकधी हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची मजुरीच मोठी असते, आणि ते नीट जोडलं नाही तर पुढे एसी किंवा मागच्या कॅमेऱ्याचा त्रास सुरू होतो.

आता क्लेम करावा का? नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पहिल्या वर्षाला 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो. समजा बोनस धरण्याआधी ओन डॅमेजचा प्रीमियम 12,000 आहे आणि तुम्हाला 50 टक्के बोनस मिळतो, म्हणजे तुम्ही 6,000 भरता. क्लेमनंतर पुढची पाच वर्षं 12,000, 9,600, 9,000, 7,800 आणि 6,600 असं भरावं लागेल. एकूण 15,000 रुपये जास्त. दरवर्षी गाडीची किंमत उतरते तसा हा आकडा थोडा कमी होईल, पण अंदाज येतो. नुसती काच फुटली असेल आणि खर्च चार-पाच हजारांत असेल तर खिशातून भरणं शहाणपणाचं. वरच्या उदाहरणातले 51,500 मात्र सोडू नका. बोनस वाचवणारं जोडकलम घेतलं असेल तर त्याच्या अटी आधी वाचा.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. उशीर झालाच, तर गुरशिंदर सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल माहीत असू द्या. तो वाहन चोरीचा होता. पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. मॉलमध्ये किंवा हॉटेलात व्हॅलेला किल्ली दिली असेल आणि गाडी तिथून चोरीला गेली असेल, तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी दाखवून हॉटेलला पूर्णपणे हात झटकता येत नाहीत, असं न्यायालयाने ताज महाल हॉटेलच्या खटल्यात 2019 मध्ये सांगितलं आहे. स्वतः लावून किल्ली खिशात ठेवलेल्या गाडीला ते तसंच लागू होत नाही.

विकत घेताना, आणि परत मिळताना

नवा संच बसवताना स्वस्तातला ‘निघालेला पीस’ समोर येईलच. न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असूनही तो घेणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘पुरेसं कारण’ कुठे दिसतं? बिल नसणं, सीरियल नंबरचं लेबल खरवडलेलं असणं, आणि मागचं वायरिंग. प्रामाणिकपणे काढलेल्या संचाचा कपलर दाबून सोडवलेला असतो. घाईत काढलेल्या संचाला बऱ्याचदा कपलर आणि त्याच्या कापलेल्या वायरींचं शेपूट तसंच लटकत असतं. चालू करून पाहिल्यावर आत कुणाचे तरी संपर्क किंवा ‘घर’चा पत्ता दिसला, तर तिथेच थांबा. घेणार असाल तर विकणाऱ्याच्या नावाचं, पत्त्याचं आणि सीरियल नंबर लिहिलेलं बिल मागा. ते द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

कधीकधी टोळी पकडली जाते आणि एकाच मॉडेलचे बरेच एकसारखे स्क्रीन जप्त होतात. ते मुद्देमाल म्हणून जमा राहतात. खटला चालू असतानाही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 खाली न्यायालयाकडे अर्ज करून आपली वस्तू ताब्यात मागता येते. त्या एकसारख्या डब्यांतला तुमचा कुठला, हे फक्त सीरियल नंबरावरून सांगता येतं. एफआयआरमध्ये तो लिहिला नसेल तर पुरवणी जबाबात लिहून घ्यायला सांगा. आणि विमा कंपनीने तोपर्यंत पैसे दिले असतील, तर सापडलेल्या संचावर हक्क कंपनीचा असतो. अर्ज करण्याआधी कंपनीला लेखी कळवा.